मागच्या रांगेतली नळी

डॉक्टरीणबाईंनी कागद दोघांच्या बाजूला फिरवला, पेन्सिलीचं टोक एका आकड्यावर टेकवलं आणि म्हणाल्या, "हे बघा. दुखायला लागलं म्हणून तुम्ही बोट वर केलंत, ती ही वेळ. आणि या वेळेला तुमचं हृदय अगदी मजेत आहे." शेजारच्या खुर्चीत बायकोनं पर्सचा चाप बंद केला. टच्. एवढाच आवाज, पण त्याला तो बरोबर छातीत लागला. उभा जन्म त्यानं वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून काढला होता. दुकानदार तोंडानं काय बोलतो यापेक्षा त्याच्या हातातल्या वस्तू कसा आवाज करतात यावर त्याचा भरवसा. पर्स उघडी असते तोवर माणसाला काही काढायचं असतं, काही विचारायचं असतं. चाप लागला की निकाल लागला. मान न वळवता त्यानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. ती समोरच्या भिंतीवर टांगलेल्या हृदयाच्या चित्राकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. हेच वाईट होतं. हसली असती तर भांडता तरी आलं असतं.

"मजेत म्हणजे?" त्यानं विचारलं.

"म्हणजे रक्त कमी पडलेल्या हृदयासारखं ते वागत नाही. बाकीच्या तपासण्याही तसंच सांगतात. एका वाहिनीत थोडी अडचण आहे, पण तुम्ही सांगता तेवढं दुखावं इतकी नाही. दुखत नाही असं मी म्हणत नाही हं, काका. दुखत असेल. पण ते हृदयाचं नसावं. जिभेखालची गोळी आपण हळूहळू बंद करू आणि एकदा पोटाच्या डॉक्टरांना दाखवू."

पोटाच्या! हा शब्द या बाईंचा नव्हता. हा शब्द त्याच्या स्वयंपाकघरातला होता, रोज सकाळी चहाबरोबर येणारा. पहिल्यांदा दुखलं होतं ते मेव्हणीच्या घराच्या जिन्यात. तिसऱ्या मजल्यावर बायकोची धाकटी बहीण राहायची आणि त्या घरी जायला तो कधीच खूश नसे, हे जगजाहीर होतं. मधल्या वळणावर कुणीतरी छातीवर पंजा ठेवून 'थांब' म्हणावं तसं झालं. टोचलं नाही, खुपलं नाही. नुसता पंजा, आणि मग खालच्या जबड्यात कीड लागलेल्या दाढेसारखा ठणका. तो रेलिंग धरून उभा राहिला. बायको वरून वाकून म्हणाली, "आता काय झालं?" तो म्हणाला, दुखतंय. "दुखणारच. बहिणीचं घर आलं ना माझ्या!" मग पुढे ती सगळ्यांना ही गोष्ट सांगायची. "यांचं हृदय फार हुशार आहे हो. माझ्या माहेरचं माणूस दिसलं की दुखतं. मित्राकडे पत्ते कुटायला जाताना एकदा दुखेल तर शपथ!" माणसं हसायची. तोही हसायचा. लेक दूरच्या शहरातून फोनवर म्हणायची, "बाबा, गॅस असेल. सगळ्यांना होतो." आणि जावई मागून काहीतरी बोलायचा, ते त्याला ऐकू येत नसे, पण लेक दाबून हसलेली ऐकू यायची. हळूहळू असं झालं, की दुखायला लागलं की तो आधी दुखण्याकडे न बघता बायकोच्या चेहऱ्याकडे बघायचा. आणि एकदा, फक्त एकदा, रिकाम्या घरात, एकटाच पडदे काढायला स्टुलावर चढलेला असताना दुखलं, तेव्हा त्याला हायसं वाटलं. इथं कुणी नव्हतं. कुणाला दाखवायचं नव्हतं. म्हणजे हे खरं होतं. लगेच दुसरा विचार आला, की तिला संध्याकाळी सांगता यावं म्हणून तर आत्ता दुखत नाही ना? अशी चोरावर पाळत ठेवता ठेवता पाळत ठेवणाऱ्यावरच पाळत ठेवायची वेळ आली होती.

म्हणून तर तो या संशोधनात शिरला. रुग्णालयाच्या तळघरात हा विभाग होता. याच डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीत कागदावर हृदय काढून सगळं नीट समजावलं होतं. हृदय म्हणजे न थांबणारा चुलाणा. चरबी जाळतं, साखर जाळतं. त्या जळणाच्या वाटेवर शरीरात एक आम्ल तयार होतं, सायट्रिक आम्ल, लिंबाला आंबटपणा देतं तेच. त्यातलं थोडं हृदयातून रक्तात झिरपतं. "छातीत कळ येणाऱ्या रुग्णांत हे झिरपणं वेगळं असावं, असा आमचा अंदाज आहे. खरं की खोटं ते मोजून बघायचंय. हृदयात जाणारं रक्त घ्यायचं, हृदयातून बाहेर पडणारं रक्त घ्यायचं, दोन्ही एकाच क्षणी. आणि फरक काढायचा." त्याचे डोळे लकाकले होते. म्हणजे तराजूच की! एका पारड्यात जाणारं, दुसऱ्या पारड्यात येणारं. इतकी वर्षं या दुखण्याला साक्षीदार नव्हता. आता त्याच्या हृदयाचंच रक्त साक्षीला उभं राहणार होतं. त्यानं लगेच सही केली. बायको म्हणाली, "लोक फुकट चष्मा मिळतो म्हणून डोळे तपासून घेतात, तसं चाललंय तुमचं."

तपासणीच्या दिवशी त्याला चाकांच्या खाटेवरून आत नेत होते, तेव्हा काचेच्या दारापलीकडे त्यानं त्या दोघींना पाहिलं. बायको डॉक्टरीणबाईंशी बोलत होती. तिनं आपल्या छातीवर हात ठेवला, मग तोच हात हवेत उलटा केला, काही नाही म्हणताना करतात तसा, आणि डॉक्टरीणबाई हसल्या. काचेमुळे शब्द आले नाहीत. नंतर त्यानं विचारलं तर ती म्हणाली, "घाबरट आहेत, सांभाळून घ्या म्हटलं." हे उत्तर चांगलं होतं, म्हणूनच त्याचा त्यावर विश्वास बसला नाही. सगळ्यात चांगली उत्तरं त्याला लबाड दुकानदारांनीच दिली होती. त्या क्षणी खाटेवर पडल्या पडल्या त्याच्या मनानं घेतलं की निकाल ठरलेला आहे. आता जे होईल ते नुसतं सोपस्काराचं.

आतली खोली गार होती. उजव्या जांघेतून एक बारीक लवचीक नळी शिरेतून वर, थेट हृदयाच्या स्वतःच्या शिरेपर्यंत गेलेली. डाव्या मनगटात, धमनीत, सुई. उजवा हात मोकळा, कारण त्याला एकच काम होतं: दुखायला लागलं की बोट वर. नळीतूनच एक तार गेली होती आणि तिच्यातून विजेचे बारके टिचके देऊन ते हृदयाला पळवणार होते. धावायचं नाही, चढायचं नाही. पडल्या पडल्या माणसाला जिना चढवायचा. उजवीकडे उशाशी स्टुलावर बर्फाचं तसराळं आणि त्यात नळ्यांचं स्टँड, दोन रांगांचं. पुढची रांग धमनीच्या रक्ताची, मागची हृदयाच्या. तिथं एक टकले तंत्रज्ञ होते, कामाला वाघ पण तोंडानं सारखे चालू. "काका, दुखलं तर बोट वर करा. नाही दुखलं तरी अधूनमधून करत चला, म्हणजे आम्हाला कळेल आहात म्हणून." धमनीचं रक्त लालभडक यायचं. हृदयाच्या शिरेतलं इतकं काळपट, की आपल्याच आत असं काही असेल हे त्याला पटेना. इथवर ठीक होतं. कुणीही लांबून ओळखील इतका फरक. पण रक्तातल्या घडामोडी जागच्या जागी थांबाव्यात म्हणून नळ्यांत आधीच गार तेजाब घातलेलं होतं, आणि रक्त त्यात पडलं की दोन्हीकडचं एकजात तपकिरी होऊन जाई, चहाच्या चोथ्यासारखं. चिठ्ठ्या मागाहून, जागा बघून लावायच्या. लालही गेलं, काळंही गेलं. आता कुठलं कुठलं आहे हे फक्त जागा सांगणार होती. हे पाहिलं आणि त्याच्या आतला निरीक्षक उठून बसला.

नोकरीत त्याला दुकानदार मागून शंकासूर म्हणायचे. त्याचा त्याला राग नव्हता. काटा रिकामा असताना मधोमध उभा राहिला की तो खरा, असं लोक समजतात. तसं नसतं. एका बाजूची दांडी केसभर लांब असली तरी रिकामी पारडी बरोबर बसवता येतात. खोट कळते ती माल भरल्यावर, आणि तीही अदलाबदल केल्यावर. डाव्या पारड्यातलं उजवीकडे ठेवायचं, उजवीकडचं डावीकडे. खरा काटा काही म्हणत नाही. खोटा काटा लगेच ओरडतो. हे करताना दुकानदाराला पाठमोरं होऊ द्यायचं, कारण पुढ्यात केलं तर तो बोलून बोलून काटासुद्धा फितवतो. किती जणांनी त्याला हात जोडले होते. साहेब, सकाळीच काटा खाली पडला हो. साहेब, हा भावाचा काटा, माझा दुरुस्तीला गेलाय. कपाळावर घाम, ओठ कोरडे. त्यानं एकाचंही ऐकलं नव्हतं.

हृदय पळायला लागलं. पाय स्थिर, श्वास स्थिर, आणि छातीत मात्र कुणी दुसराच माणूस पळतोय असं. मग पंजा आला. तो आला हे त्याला खरंच कळलं. त्या वेळी त्याला बायको दिसत नव्हती, काचेचं दार दिसत नव्हतं, फक्त पंजा आणि जबडा. त्यानं बोट वर केलं. "घ्या!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोन्हीकडून रक्त घेतलं, नळ्यांत सोडलं, दोन्ही तपकिरी झाल्या, स्टँडच्या टोकाला दोन भोकांत बसल्या. पळवणं थांबलं. आलेख काढणाऱ्या यंत्राचा कागद अडकला तसे टकले तंत्रज्ञ शिव्या घालत खाली वाकले. डॉक्टरीणबाईंचा एक हात त्याच्या जांघेवर दाबलेला, डोळे पडद्यावर. आणि त्याचा मोकळा हात, ज्याचं काम संपलं होतं, तो सवयीनं गेला. टोकाची मागची नळी पुढे, पुढची मागे. बर्फाच्या पाण्यानं बोटं ओली झाली, ती त्यानं चादरीला पुसली. त्याला काही भयंकर केल्यासारखं वाटलं नाही. उलट नोकरीतून निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा आपण कामावर आहोत असं वाटलं. हे खरंच मोजत असतील तर ओरडतील. फोन करतील, की तुमची एक जोडी उलटी दिसते. मोजत नसतील, ठरलेलंच लिहिणार असतील, तर गप्प राहतील. पुढे बरेच आठवडे फोन आला नाही, आणि तो मनातल्या मनात फुशारत गेला. पकडलं! बायको विचारायची, "एवढं कसलं हसताय?" तो म्हणायचा, "काही नाही."

आणि आता हा कागद. पेन्सिलीचं टोक अजून तिथंच होतं. त्याला हळूहळू, बर्फात हात बुडवल्यावर थंडी बोटांतून वर चढावी तसं, कळत गेलं. ही तीच जोडी होती. सगळ्या तपासणीत त्याच्या बाजूनं बोलणारी एकच जोडी, आणि तिचं तोंड त्यानं स्वतःच्या हातानं फिरवलं होतं. पण मग ओरड कुठे गेली? घसा खाकरून तो म्हणाला, "या आकड्यांत एखादा... वेडावाकडा नाही आला?"

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं. "आलाय की. याच वेळचा. दह्याला आंबट करतं ते आम्ल, लॅक्टिक, आम्ही तेही मोजतो. निरोगी हृदय ते पिऊन घेतं, रक्त कमी पडलेलं बाहेर टाकतं; तुमचं पीत होतं, निरोगी माणसासारखं. पण सायट्रिकचा आकडा उलटा आला, जणू हृदय ते सोडायच्याऐवजी पिऊन घेतंय. असं होत नाही. मोजण्यातली चूक असणार म्हणून तो सोडून दिला."

सोडून दिला. म्हणजे काटा ओरडला होता. बाईंनी मोजलं होतं, खरं मोजलं होतं, कुणी काही ठरवलेलं नव्हतं. फक्त ओरड ऐकून तिला चूक म्हटलं होतं. यात त्यानंही तेच केलं असतं का? त्याला उत्तर नको होतं. आता गप्प बसलं तर गोळी बंद होईल. उद्या जिन्यात पंजा आला तर खिसा रिकामा असेल, आणि समोर ही असेल, पोट साफ ठेवा म्हणणारी, आणि या वेळी तिच्या बाजूला छापील कागद असेल, जन्मभर. आणि बोललं तर? तर याच खुर्चीत, तिच्यासमोर, आपण काय केलं ते उलगडून ठेवायचं. त्यानं टेबलाच्या कडेला धरलं.

"ती जोडी मी बदलली," तो म्हणाला.

"काय केलंत?"

त्यानं सांगितलं. अडकलेला कागद, टोकाची दोन भोकं, मागची पुढे, पुढची मागे. सांगताना त्याचा आवाज त्याच्याच कानांना खोटा वाटत होता. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं आणि मग अगदी हळू, आजारी मुलाशी बोलावं तसं म्हणाल्या, "काका, निकाल मनासारखा आला नाही की माणसाला असं वाटतं. मी समजू शकते. पण तिथं आम्ही दोघं होतो. तुमच्या अंगात दोन सुया होत्या. आणि इतके आठवडे तुम्ही काही बोलला नाहीत, आत्ता आकडा ऐकल्यावर बोलताय." त्याच्या कपाळावर घाम आला. ओठ कोरडे पडले. बाईंचं म्हणणं चोख होतं. त्यांच्या जागी तो असता तर त्यानंही काट्याला सील ठोकून दुकान बंद केलं असतं.

"केलं असणार त्यांनी," बायको म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. ती अजून भिंतीवरच्या चित्राकडेच बघत होती. "यांना तुम्ही ओळखत नाही, बाई. आमची लेक झाली तेव्हा नर्सनं तिचं वजन सांगितलं. यांनी काट्यावरून मूल उचललं, काटा फिरवून तपासला आणि मग पुन्हा ठेवलं. नर्स म्हणाली, मूल तुमचंच आहे ना, त्याचीही एकदा खात्री करून घ्या. मिठाची पुडी आली तरी हा माणूस दोनदा मोजतो. तुम्ही यांच्या हाताशी नळ्या ठेवल्यात, ही चूक तुमची. मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, की दोन्ही हात बांधा."

"अगं..." तो म्हणाला.

"गप्प बसा तुम्ही. चांगलं होत होतं ते नासवलंत."

डॉक्टरीणबाईंनी कागद आपल्याकडे ओढला. पेन्सिलीनं दोन आकडे खोडले, अदलाबदल करून खाली लिहिले, शेजारच्या लॅक्टिकच्या दोघांचंही तसंच केलं, आणि वजाबाक्या पुन्हा करून पाहिल्या. त्यांचा चेहरा तापत गेला. "जुळतंय," त्या म्हणाल्या. "उलटं धरलं तर दोन्ही जुळतात. पण नुसतं जुळतंय म्हणून मी तसं धरू शकत नाही, कळतंय का तुम्हाला? आता ती जोडी ना या बाजूची ना त्या बाजूची. माणसं इथं येऊन छातीत नळ्या घालून घेतात, काका. दुखेपर्यंत पडून राहतात. त्यातला एकेक थेंब मोलाचा असतो." त्या थांबल्या. "आणि तो उलटा आकडा मी सोडून द्यायला नको होता. तो दोष माझ्याकडे लागला. गोळी बंद करू नका. खिशात ठेवा. तपासणी पुन्हा करावी लागेल, तयार असाल तर."

"तयार आहे," तो म्हणाला. मग राहवलं नाही. "चिठ्ठ्या आधी लावा."

"लावू," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

बाहेर लिफ्टपाशी रुग्णांच्या खाटा खोळंबल्या होत्या. "एकच मजला आहे," असं म्हणून बायको जिन्याकडे वळली आणि तो मागोमाग गेला. पायऱ्या चढता चढता तो तिचं मघाचं बोलणं चाचपून बघत होता. तिनं आत बाजू घेतली ती विश्वास होता म्हणून, की चारचौघांत नवरा खोटारडा ठरू नये म्हणून? नळ्या बदलल्या हे तिला पटलं. पण दुखतं, हे? त्याचा काही पत्ता लागत नव्हता. मिठाच्या पुडीची गोष्ट सांगताना तिचा आवाज नेहमीचाच होता, पत्तेवाल्या गोष्टीसारखाच. मधल्या वळणाच्या जरा अलीकडे पंजा आला. आत्ता नको, असं त्याला वाटलं. आत्ता दुखलं तर ती म्हणेल, बघा, जरा कुणी बाजू घेतली की लगेच. त्यानं आवाज केला नाही. श्वास नाकानंच घेतला, पावलाची लय मोडू दिली नाही, रेलिंगवरचा हातसुद्धा घट्ट केला नाही. ती दोन पायऱ्या पुढे होती, तिची पाठ त्याच्याकडे. ती थांबली.

"बसा," ती म्हणाली. वळली नाही. "गोळी ठेवा जिभेखाली. घाई नाही आपल्याला."

तो पायरीवर बसला. गोळी झिणझिणत विरघळायला लागली. तीही खाली उतरून शेजारी टेकली; वरून येणाऱ्या माणसांना वाट मिळावी म्हणून पाय आखडून घेतले. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हिला कळलं. पाठ असताना कळलं. हे आजचं शिकणं नव्हतं. इतकं अचूक कळायला वर्षं लागतात. म्हणजे बहिणीच्या जिन्यातही कळलं होतं. प्रत्येक वेळी कळलं होतं. मग ते पोट, तो गॅस, ते हुशार हृदय, चारचौघांतलं ते हसणं, ते कशासाठी होतं? जाब विचारावा म्हणून त्यानं मान वळवली आणि बऱ्याच दिवसांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं, काही ताडून बघण्यासाठी नव्हे. ती जिन्याच्या तळाकडे बघत होती. कपाळावर बारीक घाम होता. ओठ कोरडे होते, आणि मांडीवरच्या पर्सवर बोटं इतकी रुतली होती की नखं पांढरी पडली होती. हा चेहरा त्याच्या ओळखीचा होता. आयुष्यभर समोर उभ्या राहिलेल्या माणसांच्या तोंडावर त्यानं तो पाहिला होता आणि दर वेळी त्याला लबाडी म्हटलं होतं. ही तर नुसती भीती होती.

"गेलं का?" तिनं विचारलं.

"नाही अजून," तो म्हणाला.